ऑपेराच्या नेपथ्याचे जुने फोटो जमवताना: कॅमेऱ्यासमोर नेमकं काय होतं?

प्रश्न पुण्याहून आलाय. थोडक्यात असा: "ऑनलाइन लिलावात एक जुनं फ्रेंच स्टिरिओकार्ड (भिंगांतून पाहिलं की खोली भासवणारं जोडफोटोंचं कार्ड) घेतलं. खाली 'फाउस्ट' लिहिलंय, उजेडासमोर धरलं की रंगीत दिसतं. विकणारा म्हणाला, हा १८६० च्या दशकातला पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाचा फोटो आहे. हे खरं का? ऑपेराच्या नेपथ्याचे जुने फोटो जमवायचे तर सुरुवात कुठून करू, फसगत कशी टाळू, आणि आपल्या पावसाळ्यात ते टिकवायचे कसे?"

आधी कार्डाबद्दल. वर्णनावरून ते अस्सल असावं आणि जुनंही असावं. पण तो रंगमंचाचा फोटो नाही.

या प्रकाराला संग्राहक 'टिश्यू' म्हणतात. अगदी पातळ कागदावर अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या थरात उमटवलेला फोटो), तिला मागच्या बाजूने जलरंग, त्यामागे आणखी एक कोरा पातळ कागद, आणि दिवे-दागिने चमकावेत म्हणून टाचणीने पाडलेली भोकं. समोरून उजेड पडला की चित्र काळं-पांढरं, मागून आला की रंगीत. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कार्डांचा मोठा धंदा होता. कॅमेऱ्यासमोर असायचं ते टेबलावर मांडलेलं दृश्य: मातीच्या हातभर उंचीच्याही नसलेल्या बाहुल्या आणि त्यांच्यामागे रंगवलेले छोटे पडदे. सैतान आणि सांगाड्यांची 'दियाब्लरी' नावाची मालिका याच पद्धतीने केलेली. 'क्वीन' या बँडचे गिटारवादक ब्रायन मे तिचे नामांकित संग्राहक आहेत. तिच्याच जोडीला 'पॅरिसची थिएटरं' अशी मालिका निघाली, आणि तीत तेव्हा गाजत असलेल्या ऑपेरांमधले प्रसंग मातीत उभे केलेले होते. भिंग घेऊन बोटं पाहा. जाडजूड, एकमेकांना चिकटलेली दिसतील. कपड्यांच्या चुण्या कापडासारख्या पडत नाहीत, कोरल्यासारख्या दिसतात. आणि गर्दीतलं एकही डोकं हललेलं नसतं. जिवंत माणसांच्या घोळक्यात त्या काळी हे जमणं कठीण होतं.

विकणाऱ्याचं वाक्य आणखी एका बाजूने लंगडं आहे. फ्रेंच संगीतकार गुनोचा 'फाउस्ट' हा ऑपेरा १९ मार्च १८५९ रोजी पॅरिसच्या थिएटर लिरिकमध्ये पहिल्यांदा झाला. पॅरिस ऑपेरात तो आला १८६९ मध्ये. म्हणजे '१८६० च्या दशकातला पॅरिस ऑपेराचा फाउस्ट' त्या दशकाचं अखेरचं वर्ष सोडलं तर अस्तित्वातच नव्हता. फोटो हातात घेण्याआधी ऑपेराचा आणि थिएटरचा इतिहास हाताशी ठेवावा लागतो तो यासाठी.

या छंदाचा सगळा डोलारा माझ्या मते एकाच प्रश्नावर उभा आहे: शटर उघडलं तेव्हा कॅमेऱ्यासमोर नेमकं काय होतं? खरा रंगमंच, रंगशाळेत (म्हणजे पडदे रंगवण्याच्या कारखान्यात) टांगलेला पडदा, पुठ्ठ्याची प्रतिकृती, नेपथ्यकाराचं चित्र, की फोटो स्टुडिओतली भिंत? याचं उत्तर स्वतःला देता आलं नाही तर पैसे देऊ नका. किंवा द्या, पण भिंतीवर लावायच्या शोभेच्या चित्राला द्याल तेवढेच.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते कळायला थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. कॅमेऱ्यात घालायच्या १८८० पर्यंतच्या काचा, म्हणजे ओल्या कलोडियनच्या (चिकट रसायनाचा ओला थर दिलेल्या) प्लेटा, फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद देत. थिएटरात जळत होता गॅस. त्याचा उजेड पिवळा-तांबूस, म्हणजे नेमका प्लेटेला न दिसणारा. हजार माणसांना लख्ख दिसणारा रंगमंच कॅमेऱ्याला जवळपास अंधारच होता. त्यामुळे १८६० किंवा १८७० च्या दशकातला 'प्रयोग चालू असतानाचा फोटो' कुणी विकत असेल तर तो बहुधा वेगळं काहीतरी विकतोय. विजेचे आर्क दिवे आले तेव्हा परिस्थिती पालटली, कारण त्या उजेडात निळा भरपूर. १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बेंजामिन फॉक यांनी मॅडिसन स्क्वेअर थिएटरमध्ये 'अ रशियन हनीमून' या नाटकाचा, नटसंचासकट संपूर्ण रंगमंचाचा फोटो विजेच्या दिव्यांवर घेतला. पुढे १८८७ मध्ये मीथ आणि गेडिके या जर्मन जोडीने फ्लॅशसाठी मॅग्नेशियमची भडकणारी पूड तयार केली आणि १८९० च्या दशकात रंगमंचाचे फोटो हा रीतसर व्यवसाय झाला.

मग त्याआधीचं जे मिळतं ते काय असतं?

सर्वांत जास्त मिळतं ते स्टुडिओतलं. गायक वेशभूषेत उभा, मागे गॉथिक कमान किंवा जंगल. नवखा संग्राहक ती कमान वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेराचं नेपथ्य समजून खूश होतो. ती त्या फोटोग्राफरच्या मालकीची भिंत असते, आणि त्याच कमानीपुढे दुसऱ्या दिवशी एखादा वकील सहकुटुंब उभा राहिलेला असतो. त्याच स्टुडिओची दुसरी चार कार्डं इंटरनेटवर शोधा, कमान लगेच भेटेल.

दुसरा प्रकार चित्राचा फोटो, आणि फसगत सर्वांत जास्त इथे होते. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला, वाग्नरच्या स्वतःच्या थिएटरात, त्याच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेचा पहिला पूर्ण प्रयोग झाला. नेपथ्याची चित्रं व्हिएन्नाच्या जोसेफ हॉफमन यांची, प्रत्यक्ष पडदे रंगवले कोबुर्गच्या ब्र्युक्नर बंधूंनी. हॉफमन यांच्या चित्रांचे फोटो व्हिक्टर आंगेरर यांनी काढले, तर गायकांचे वेशभूषेतले फोटो म्युनिकचे दरबारी फोटोग्राफर जोसेफ आल्बर्ट यांनी. बाजारात हे दोन्ही 'बायरॉइट १८७६, रंगमंच' या नावाखाली फिरतात. दोन्ही अस्सल, दोन्ही मोलाचे, पण दोन्हींत प्रेक्षकांनी पाहिलेला रंगमंच नाही. हॉफमन यांच्या कड्यांवर ढग तरंगतात, दऱ्या धूसर होत जातात. कॅनव्हास आणि लाकडात ते जसंच्या तसं उतरलं असेल असं समजू नका. मला स्वतःला आंगेररचे हे फोटो फार आवडतात, मात्र नोंदवहीत मी ते 'नेपथ्याची कल्पना' या सदरात टाकतो, 'नेपथ्य' या सदरात नाही.

तिसरा प्रकार प्रतिकृतीचा. पॅरिसमध्ये नेपथ्यकार आधी पुठ्ठ्याची, विंगा-झालरींसकट, मोजमापात कापलेली छोटी प्रतिकृती करत. अशा कितीतरी प्रतिकृती पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात आज आहेत. त्यांचे जुने फोटो खऱ्या रंगमंचासारखे दिसतात. फरक शोधायचा तो जमिनीवर. खऱ्या रंगमंचावर फळ्यांच्या सांधी, विंगा सरकवायच्या खाचा, पुढे फूटलाईटची रांग आणि मध्यभागी प्रॉम्प्टरच्या खोक्याचं छत दिसतं. कापडाला कुठेतरी वळी पडलेली असते, वर एखादा दोर किंवा दांडी डोकावते. प्रतिकृतीत कडा फार नीट, आणि कागदाचं पोत झाडाच्या पानांएवढं मोठं.

चौथा म्हणजे रिकामा रंगमंच. माणूस नाही, नेपथ्य पूर्ण लागलेलं, लांबलचक एक्स्पोजर देऊन घेतलेला फोटो. नेपथ्य जमवणाऱ्याला याहून हवं ते काय? आणि गंमत म्हणजे बाजारात याला गिऱ्हाईक कमी. चेहरा नाही, सही नाही, म्हणून कारुसोसारख्या नामांकित गायकाच्या फोटोमागे धावणारे इकडे फिरकत नाहीत. माझ्याकडचे बरेचसे चांगले नग याच दुर्लक्षामुळे परवडले.

पाचवा जोडकामाचा. रंगमंचाचा रिकामा फोटो, त्यावर स्टुडिओत काढलेले गायक कात्रीने कापून चिकटवलेले, मग सगळ्याचा पुन्हा फोटो. विजा, चंद्र, ज्वाळा तर सर्रास ब्रशने काढलेल्या असत. भिंगाखाली माणसाच्या कडेला एक कोरडी, धारदार रेघ दिसते आणि त्याची सावली जमिनीवर पडत नाही. सावली हा एरवीही उत्तम साक्षीदार आहे. मॅग्नेशियमच्या भडक्यात घेतलेल्या फोटोत नटाची काळीकुट्ट सावली चक्क मागच्या 'आकाशावर' पडलेली असते. ती दिसली की समजा, रंगमंच खरा, माणसंही तिथेच उभी होती.

आता दोन सापळे अमेरिकेतले, कारण लिलावातला बराच माल तिथून येतो. शोधताना 'ऑपेरा हाउस' टाकलंत तर शेकडो फोटो मिळतील आणि त्यांतल्या बहुतेकांचा ऑपेराशी संबंध नसेल. तिकडे छोट्या गावांतून थिएटरला सरसकट ऑपेरा हाउस म्हणत, कारण नाव प्रतिष्ठित वाटे. आत फिरत्या नाटक कंपन्या, जादूगार, सभा, पुढे सिनेमा. (आपल्या गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउसही काही वेगळं जगलं नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पुढे ते मुख्यतः सिनेमाचं झालं.) दुसरा सापळा इजिप्तचा. खांबांच्या रांगा आणि स्फिंक्स दिसले की विकणारा 'आयदा' (व्हेर्दीचा इजिप्तमध्ये घडणारा ऑपेरा) लिहून मोकळा. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'लाही इजिप्तच लागतं, हे एक. दुसरं असं की अमेरिकेतल्या फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या 'स्कॉटिश राइट' शाखेच्या मंदिरांत मोठमोठे रंगमंच होते आणि त्यांच्या विधींसाठी इजिप्तची, सॉलोमनच्या मंदिराची दृश्यं घाऊक रंगवून घेतली जात. शिकागोची सॉसमन अँड लँडिस ही कंपनी त्या कामासाठी प्रसिद्ध होती. अशा पडद्यांचे फोटो 'आयदा' म्हणून विकले जाताना मी वारंवार पाहतो.

पुढची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांकडे महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा पडदा असायचा आणि तोच नाटकागणिक वापरला जायचा. युरोपातही कितीतरी थिएटरं अशीच चालत. गोदामात एक गॉथिक दालन, एक तुरुंग, एक बाग, एक चौक. 'हे दालन कुठल्या ऑपेराचं?' याला एकच उत्तर नसतं. हेच दालन सोमवारी व्हेर्दीच्या ऑपेराचं आणि गुरुवारी मायरबेअरच्या. अशा वेळी थिएटर आणि साधारण काळ निश्चित झाला की थांबावं. उगाच ऑपेराचं नाव चिकटवू नये, कारण पुढचा माणूस तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरावर विश्वास ठेवतो.

उलट्या दिशेचाही घोटाळा आहे. वाग्नरच्या 'पार्सिफल' या ऑपेराचं मूळ नेपथ्य १८८२ चं, पॉल फॉन जुकोव्स्की यांचं. त्यातलं ग्रेलचं (पवित्र प्याल्याचं) मंदिर इटलीतल्या सिएनाच्या कॅथेड्रलवरून, क्लिंगझोर या मांत्रिकाची बाग राव्हेलोच्या व्हिला रुफोलोवरून. वाग्नर घराण्याने ते इतकं जपलं की बायरॉइटला ते १९३३ पर्यंत वापरात होतं. म्हणजे नेपथ्य ओळखता आलं तरी तारीख ठरत नाही, एकच मंदिर अर्धशतक उभं आहे. तिथे तारीख कागद सांगतो.

कागदाकडे वळू. तीसपट भिंग आणि तिरका उजेड, एवढंच हवं. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये चित्राखाली कागदाचे तंतू दिसतात, पांढरे भाग पिवळसर झालेले असतात, आणि कागद इतका पातळ की तो जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर डकवलेला मिळतो. १८९० च्या आसपासपासून जिलेटिनचे कागद वाढले. तिथे तंतू दिसत नाहीत, कारण मध्ये बरायटा या खनिज भुकटीचा पांढरा थर असतो, आणि गडद भागांच्या कडेला चांदीची निळसर झाक येते. वुडबरीटाइप आणि कोलोटाइप या फोटोवरून शाईने छापायच्या जुन्या पद्धती. वुडबरीटाइपमध्ये कणच नसतात आणि गडद भाग किंचित उंच वाटतो. कोलोटाइपमध्ये बारीक सुरकुत्यांसारखं जाळं. आणि ठिपक्यांची रांगोळी दिसली तर तो फोटो नव्हे, पुस्तका-मासिकातली साधी छपाई. हे शेवटचं पक्कं लक्षात ठेवा, कारण १८९८ मध्ये सुरू झालेल्या 'ल तेआत्र' या देखण्या फ्रेंच मासिकाची पानं कापून, पुठ्ठ्यावर डकवून 'पुरातन छायाचित्र' म्हणून विकणारे बरेच आहेत. मासिकाचं पान म्हणून ते जरूर घ्या, माझ्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. किंमत मात्र पानाची द्या.

काळ्या-पांढऱ्यातले रंग वाचायलाही शिका. जुन्या प्लेटेला निळा पांढरा दिसतो आणि लाल काळा. रंगवलेलं गडद निळं आकाश फोटोत कोऱ्या भिंतीसारखं येतं, सूर्यास्ताची लाली काजळीसारखी. 'नेपथ्य किती उदास होतं' असं जुन्या फोटोंवरून लिहिणाऱ्यांनी ते नेपथ्य पाहिलेलं नसतं, प्लेटेची आवडनिवड पाहिलेली असते. ऑपेराचं नेपथ्य भडक, चमकदार असायचं. पटत नसेल तर जर्मनीतल्या माइनिंगेनला जा. तिथल्या थिएटर संग्रहालयात ब्र्युक्नर बंधूंच्या रंगशाळेतलं मूळ नेपथ्य उभं करून दाखवतात.

आता ओळख कशी पटवायची. पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव आणि पत्ता पाहा. स्टुडिओ जागा बदलत, त्यामुळे पत्त्यावरून वर्षांची चौकट मिळते. 'दरबारी फोटोग्राफर' ही पदवी, पदकांची चित्रं, पुठ्ठ्याची जाडी, सोनेरी कड, सगळं नोंदवा. मग थिएटरच्या नोंदींकडे जा. पॅरिससाठी फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका', ऑस्ट्रियातल्या जुन्या वृत्तपत्रांसाठी 'आनो', मिलानसाठी रिकॉर्दी या संगीत प्रकाशकाचं अर्काइव्ह, न्यूयॉर्कसाठी मेट्रोपॉलिटन ऑपेराचा प्रयोगांचा कोश. सगळं घरबसल्या, फुकट. इंग्लंडमध्ये १८६२ च्या कायद्याने फोटोंची नोंदणी होऊ लागली आणि त्या अर्जांना अनेकदा फोटोची प्रत जोडलेली असे. ते अर्ज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. रंगमंचाचे फोटो काढणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्हाइट स्टुडिओचे फोटो तर ओळखायला सोपे. कोपऱ्यात सही, बरेचदा क्रमांकही, आणि त्यांच्या छोट्या प्रतींचे तक्ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत. १० डिसेंबर १९१० ला मेट्रोपॉलिटनमध्ये पुचिनीच्या 'फांच्युला देल वेस्ट'चा पहिला प्रयोग झाला, त्याचं नेपथ्य आज आपल्याला तपशिलात दिसतं ते अशा व्यावसायिक स्टुडिओंमुळे.

शोधताना नेपथ्यकारांची नावंही टाकत जा, केवळ ऑपेरांची नको. व्हिएन्नात ब्रिओस्की, बुर्गहार्ट आणि काउत्स्की अशी भागीदारी होती, तिचं काम देशोदेशी जाई. त्यातले योहान काउत्स्की म्हणजे मार्क्सवादी विचारवंत कार्ल काउत्स्कींचे वडील. म्युनिकचे क्रिस्टियान यांक हे नेपथ्यकार. बव्हेरियाच्या राजा लुडविगने नॉइश्वानस्टाइन किल्ल्याची संकल्पचित्रं वास्तुविशारदाऐवजी त्यांच्याकडून करून घेतली. किल्ला नेपथ्यासारखा दिसतो याचं कारण हेच. अशी नावं विक्रेत्यांना बहुधा माहीत नसतात, त्यामुळे त्यांचे नग चुकीच्या सदरात स्वस्त पडलेले सापडतात.

हे फोटो जमवण्यात अर्थ काय, असं घरचे विचारतीलच. त्यांना आगींची यादी सांगा. २८ ऑक्टोबर १८७३ च्या रात्री पॅरिस ऑपेराचं तेव्हाचं ल पेलतिए सभागृह जळालं. १८९४ च्या जानेवारीत ऑपेराचं रिशे रस्त्यावरचं नेपथ्याचं गोदाम जळालं. १८६९ मध्ये उघडलेलं कैरोचं ऑपेरा हाउस, जिथे २४ डिसेंबर १८७१ ला 'आयदा' पहिल्यांदा झाला, ते १९७१ मध्ये खाक झालं. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात व्हिएन्ना ऑपेराचं १२० हून अधिक ऑपेरांचं नेपथ्य आणि दीड लाखाच्या आसपास वेशभूषा गेल्या. नेपथ्य म्हणजे लाकूड, कापड आणि रंग. ते जळतं, नाहीतर धुवून त्यावर दुसरं रंगवतात. फोटो हा कित्येकदा उरलेला एकमेव पुरावा असतो.

सुरुवातीला सल्ला एकच: सगळं जमवू नका. एक थिएटर धरा, किंवा एक ऑपेरा, किंवा एक रंगशाळा. 'पार्सिफल'चं एकच मंदिर धरलंत तरी पोस्टकार्ड, कॅबिनेट कार्ड (जाड पुठ्ठ्यावर डकवलेला स्टुडिओचा फोटो), मासिकाची पानं, वृत्तपत्रासाठीचे फोटो असं बरंच काही मिळेल, आणि तुलना करता करता डोळा तयार होईल. पहिलं वर्ष पोस्टकार्डांवरच काढा. १९०० नंतरची ब्रोमाइड या फोटो-कागदावरची जर्मन पोस्टकार्डं खरे फोटो असतात, छपाई नसते, आणि साधी कार्डं आजही काही युरोंत मिळतात. त्यांवर पोस्टाचा शिक्का म्हणजे फुकटात मिळालेली तारीख. (फोटो शिक्क्याच्या आधीचा, एवढंच त्यातून सिद्ध होतं.) गायकांच्या सह्या असलेले फोटो सोडून द्या, तिथे तुम्ही शाईचे पैसे देता.

खरेदीसाठी ईबे आणि 'देलकांप' ही दोन संकेतस्थळं नेहमीची. पॅरिसला जाणं झालं तर द्रुओ या लिलावघरातले लिलाव आणि जूनच्या सुरुवातीला जवळच्या बिएव्र गावात भरणारी फोटोंची जत्रा चुकवू नका. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: पाठीमागचा फोटो, कडेचा फोटो, आणि कोपऱ्याचा जवळून घेतलेला फोटो. हे द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका. कस्टम्सची आणि खरेदीची कागदपत्रं फाइलला लावून ठेवा. भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्या विकायची किंवा परदेशातल्या मुलांना द्यायची वेळ आली तर 'ही वस्तू अमुक साली बाहेरून आणली' हे दाखवणारा कागद निदान हातात असावा.

पावसाळा. इथे युरोपातली पुस्तकं अर्धीच कामाची. जिलेटिन आणि अल्ब्युमेन दोन्ही बुरशीला खाद्य, आणि पुठ्ठ्यामागची खळ कसरीला. लाकडी कपाट टाळा, लाकडातून आम्लाची वाफ येते. भाजलेल्या रंगाचं स्टीलचं कपाट घ्या आणि ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पाकिटं पेटीत, पेटीत रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांखाली राहिला तर निश्चिंत, ६५ च्या वर टिकून राहिला की बुरशीची वाट पाहायची. जून ते सप्टेंबर फोटो प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करू नका, आतला ओलावा आतच राहतो. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, लॅमिनेशन यांचा विचारही नको. डांबराच्या गोळ्याही पेटीत टाकू नका. अल्ब्युमेनला पाणी लावून 'साफ' करायला जाऊ नका आणि पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवू नका. पुठ्ठा हा अर्धा पुरावा आहे.

नोंद ठेवताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा: विक्रेता काय म्हणाला, कार्डावर प्रत्यक्ष काय लिहिलंय, आणि तुमचं मत काय व कशावरून. हे एकत्र झालं की पाच वर्षांनी तुम्हालाच कळत नाही की 'लोहेनग्रिन, १८८५' हे कोण म्हणालं होतं. नोंद पाकिटावर करा, फोटोवर नको.

तुमच्या फाउस्टकडे परत. त्याचं स्कॅन दोनदा करा, एकदा समोरून उजेड टाकून आणि एकदा मागून. रंग उजेडाने उडतात, म्हणून ते खिडकीत लावून ठेवू नका आणि बॅकलाइटच्या फ्रेममध्ये तर नकोच. टिश्यू फाटला असेल तर तसाच राहू द्या. कार्डाच्या कडेला 'बी. के.' अशी अक्षरं कोरलेली आहेत का पाहा. ती प्रकाशक अडोल्फ ब्लॉक यांची खूण. दृश्य बागेचं आहे, चर्चचं की तुरुंगाचं, ते कळवा. किती दिलेत ते लिहिलेलं नाही. पोस्टकार्डांच्या भावात मिळालं असेल तर सौदा उत्तम. आणि रंगमंचाच्या फोटोचा भाव दिला असेल तर लिलावाच्या नियमांत 'वर्णनाशी विसंगत वस्तू' हे कलम असतं, त्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला मातीच्या बोटांचा जवळून काढलेला फोटो पाठवा.